म्हातारपण थांबवायची गोळी आणि मोठाईची कोरी तासं

मी वीस वर्षांची आहो आणि मागच्या महिन्यात मी माझं म्हातारपण थांबवलं होतं.

हसू नका! आधी पूर्ण वाचा! हे मले आत्ताच्या आत्ता सांगायचं आहे, कारण मोठाई हरभऱ्याले पाणी द्यायले गेली आहे आणि ती आली की मले भाजी निवडायले बसवते. म्हणून भराभर टाइप करून राह्यली. चुका झाल्या तर पोटात घाला.

मोठाई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. आमचं गाव चिखली तालुक्यात, उंद्रीच्या थोडं अलीकडे. एका अंगणात दोन घरं. एका घरात आई, बाबा अन् मी. दुसऱ्या घरात मोठाई अन् मोठेबाबा. मोठेबाबा जन्मात 'हाव' (म्हणजे 'हो') या शब्दाच्या पुढे फारसे गेलेच नाहीत. (लग्नात नाव घ्यायले लावलं तेव्हाही "हाव" म्हणून बसले होते, असं आई सांगते.) त्यामुळे रानाचा सगळा कारभार मोठाईकडे. तिची शाळा सातवीपर्यंत, अन् बोलणं जुन्या बायांवानी 'मी करतो, मी घेतो'. आणि मी, पल्लवी? मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाले! गावातली पहिली फार्मसीवाली पोट्टी! घरचे मले अर्धी डॉक्टर समजतात, आणि शेजारच्या शांताकाकू पूर्ण समजतात. काकूंनी तर एकदा मले त्यांच्या बकरीची नाडी पाह्यले लावली होती.

तर झालं असं की डिसेंबर लागताच मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाह्यला. एक माणूस उघड्या अंगानं सांगून राह्यला होता की माझं वय साठ आहे. पोटावर सहा वड्या! चेहऱ्यावर एक सुरकुती नाही! (ते वय होतं का लायटिंग, हा प्रश्न मले तेव्हा पडला नाही. फार्मसीवाली ना मी!) तो म्हणे, हे सगळं एका द्रव्यामुळं. त्या द्रव्याचं नाव इतकं लांब की पूर्ण म्हणायले दोनदा श्वास घ्यावा लागते. आपल्या शरीरात वयानुसार एक गोष्ट कमी होते, ही गोळी ती परत भरून काढते, अन् म्हातारपण जागच्या जागी थांबते. "विज्ञानानं सिद्ध!" मी रात्रीचं जेवण व्हायच्या आधीच एक डबा मागवला. साठ कॅप्सूल.

डबा आला त्या दिवशी मी अंगणात उभी राहून भाषणच ठोकलं.

"मोठाई, उंदराइवर प्रयोग झाला! म्हातारे उंदीर तरण्या उंदरावानी चाकावर पळायले लागले!"

मोठाई तुरीच्या शेंगा सोलून राह्यली होती. तिनं वर पाह्यलं. "म्हणजे उंदीर जास्त पळते?"

"हाव!"

"अन् जास्त दिवस जगते?"

"काही काही तर हाव न!"

"माय माय! अन् हे तू मले हसत हसत सांगून राह्यली? कोठीतल्या सोयाबीनचे तीन कट्टे कातरले त्याइनं! त्याइले अजून आयुष्य कोण देऊन राह्यलं?"

"अवं मोठाई, उंदरापुरतं नाही! माणसाच्या रक्तातही ते द्रव्य वाढते. मोजलं आहे लोकाइनं!"

"रक्तात वाढते. बरं. अन् मंग?"

"मंग काय! वाढलं की झालं न!"

मोठाईनं शेंग खाली ठेवली. "पल्लू, कपाशीले युरिया टाकला की पान कसं होते?"

"हिरवंगार."

"अन् बोंडं?"

मी डब्यावरचं लेबल वाचायले लागली.

"पान हिरवं झालं म्हणून बोंड लागलंच असं नाही राहत. उलट नुसतं झाड माजते. तुयं ते रक्तातलं म्हणजे पान आहे. मले बोंड दाखव."

आता मी इथंच थांबायले पाहिजे होतं. आमच्या कॉलेजात एका मॅडमनं हीच गोष्ट शिकवायले अख्खं एक लेक्चर घेतलं होतं (अन् मी मागच्या बाकावर ते व्हिडिओ पाहून राह्यली होती), ती मोठाईनं शेंगा सोलता सोलता एका वाक्यात सांगितली. पण मी थांबली नाही, कारण कुंपणापलीकडे शांताकाकू उभ्या होत्या. त्याइले "म्हातारपण" अन् "थांबते" एवढेच दोन शब्द ऐकू गेले होते, आणि तेवढे त्याइले पुरले!

संध्याकाळपर्यंत गावात झालं की पल्लवीनं कॉलेजात म्हातारपणाची गोळी शोधली. शोधली! दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या अध्यक्षबाई स्वतः घरी आल्या.

"पल्लवी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाले सगळ्या बाया जमतेत. तू पाच मिनिटं बोल. तू म्हणशील घ्या, तर सगळ्या मिळून मागवू. आपली पोरगी म्हणते म्हणजे विचारायचं कामच नाही."

मी फुलून भोपळा झाली! माझ्या शब्दावर अख्खा बचत गट गोळी घेणार! मी लगेच म्हटलं, "बोलते न काकू! नक्की बोलते!"

त्या गेल्या आणि मोठाईनं मले ओट्यावर बसवलं.

"पल्लू, त्या बाया मोबाइलवरच्या माणसावर नाही, तुयावर विश्वास ठेवून राह्यल्या. सखूबाई गुडघ्याचं औषध सोडून हे घेईल. यमुना पोराच्या शाळेची फी मागं ठेवून हे घेईल. उद्या काही नाही झालं, तर त्या कंपनीले शिव्या नाही देणार. तुया तोंडाकडे पाहतीन. पुढं तू खरं औषध सांगितलं तरी कोणी ऐकणार नाही. समजलं?"

"पण मोठाई, खरंच चांगलं असलं तर?"

"असू शकते! मी कुठं म्हणतो खोटं आहे? मले माहीत नाही. तुले तरी आहे का? म्हणून तर आधी तासं कोरी सोडू."

हे तुम्हाले समजावून सांगावं लागेल. तास म्हणजे पिकाची ओळ. आमच्याकडे कोणतंही नवीन औषध फवारायचं झालं की मोठाई पूर्ण रानात मारत नाही. मधातली चार तासं कोरी सोडते, म्हणजे त्यावर औषध मारतच नाही. बांधाकडची नाही हं सोडत! बांधाजवळचं झाड तसंही वेगळंच वाढते, त्याचा भरवसा नाही. मधातलीच सोडते, बाकीच्यांसारखंच पाणी, बाकीच्यांसारखंच खत. मग वेचणीच्या वेळी दोन्हीकडचा कापूस वेगळा मोजते. आणि सगळ्यात भारी म्हणजे, कोरी तासं कोणती हे वेचणाऱ्या बायांले सांगत नाही! "सांगितलं तर बाया मालकिणीले आवडेल तेच बोलतेत," म्हणते. एका कृषी केंद्रवाल्यानं एकदा तिले म्हटलं होतं, "काकू, तुमचा विश्वासच नाही!" मोठाई म्हणे, "विश्वास देवावर आहे, भाऊ. औषध मोजून घेतो."

मी हे लहानपणापासून पाहून राह्यली. पण मले वाटायचं, ही मोठाईची खोड आहे! जशी काही लोकाइले दाराची कडी दोनदा पाह्यची खोड असते.

तर ठरलं. चार माणसं घ्यायची. मी, बाबा, आई अन् शांताकाकू. दोघांले खरी गोळी, दोघांले कोरी. कोणाले काय, ते फक्त मोठाईले माहीत. तिनं चौघांनाही समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "तुमच्यातल्या दोघाइच्या गोळीत औषध नाही. कबूल असंल तर बसा, नाहीतर आत्ताच उठा."

शांताकाकू म्हणाल्या, "कबूल! पण मले औषधवाली देजो बाप्पा."

"काकू, मंग कशाची परीक्षा?"

"बरं बरं. पण उलीसं, चिमूटभर औषध तरी टाकजो!"

दिवस तीस, माणशी रोज एक. साठ खऱ्या झाल्या, साठ कोऱ्या पाहिजे होत्या. मोठाईनं मले कॉलेजातून रिकाम्या कॅप्सूलच्या साठ टोप्या आणायले लावल्या, अन् सांडल्या-फुटल्याच्या हिशेबानं चार जास्तीच्या. मी त्या लेक्चरवाल्या मॅडमले कारण सांगितलं. त्या आधी खो खो हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या.

"कोण करतंय हा प्रयोग?"

"माझी मोठाई. सातवी शिकली आहे."

"आणि मोजणाऱ्यालाही माहीत नसणार कोण कशात आहे?"

"नाही न. मोजणार मोठेबाबा. त्यांना मोठाईनं काहीच सांगितलं नाही. (सांगितलं असतं तरी ते 'हाव' म्हणाले असते.)"

"पल्लवी," मॅडम म्हणाल्या, "या गोळीवर माणसांवरचे अभ्यास चालू आहेत, पण छोटे छोटे. रक्तात ते द्रव्य वाढतं, एवढं दिसलंय. माणूस त्यानं जास्त जगतो किंवा तरुण राहतो, हे अजून कोणी दाखवलेलं नाही. जाहिरातवाले मधल्या पायऱ्या गाळतात. तुझ्या मोठाईला माझा नमस्कार सांग."

मी नमस्कार सांगितला. मधल्या पायऱ्यांचं नाही सांगितलं! मले वाटलं, मॅडम जुन्या विचाराच्या आहेत.

मोठाईनं स्वयंपाकघराचं दार लावून टोप्या भरल्या. खऱ्या कॅप्सूलले थोडा वास होता, म्हणून तिनं कोऱ्या दोन दिवस त्याच डब्यात मुरवत ठेवल्या. (हे तिनं नंतर सांगितलं. मले ऐकूनच घाम फुटला. आमच्या पुस्तकात हे नाही!) मग चार डब्या, चौघांच्या नावाच्या.

"अन् फरक कशात पाह्यचा?" मी विचारलं. "मले वाटते चेहऱ्यावरचं तेज, उत्साह, मनाची..."

"वाटते ते नको. मोजता येते ते सांग."

शेवटी तीन गोष्टी ठरल्या. रोज सकाळी अंगणात एका पायावर किती वेळ उभं राहते. अर्ध्या मिनिटात पाटावरून हात न टेकवता किती वेळा उठबस होते. आणि सुईत दोरा ओवायले किती वेळ लागते. मोठेबाबा जुन्या मोबाइलचं घड्याळ घेऊन खुर्चीवर बसत. खतवाल्यानं दिलेल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूले मोठाई आकडे लिहीत.

आता तुम्ही डोळ्यासमोर आणा! थंडीच्या सकाळी, सूर्य उगवून राह्यला, आणि अंगणात चार माणसं बगळ्यावानी एका पायावर उभी! दूधवाला पहिल्या दिवशी फाटकातूनच परत गेला. त्याले वाटलं, आमच्या घरी कोणी नवस बोललं आहे.

चौथ्याच दिवशी मले फरक जाणवला.

काय सांगू! अंगात नुसती वीज! आरशात पाह्यलं तर गालावर तेज! केस गळायचे थांबले! मी वहीत रोजची नोंद ठेवायले लागली. "दिवस चौथा : पेशी जाग्या होऊन राह्यल्या." "दिवस सहावा : आवाजही गोड झाला." विसाव्या वर्षी माझं नेमकं कोणतं म्हातारपण मागं हटून राह्यलं होतं, हे मले कोणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःले विचारलं नाही.

बाबांचं तर विचारूच नका. आठव्या दिवशी बाबांनी शर्ट खोचला! बारा वर्षांत पहिल्यांदा! दहाव्या दिवशी मिशीले काळं लावलं. अकराव्या दिवशी रानातल्या पाण्याच्या पाटाजवळ उभे राहून म्हणे, "लग्नाच्या आधी हा पाट मी एका उडीत ओलांडत होतो."

आई म्हणाली, "तेव्हा पाट लहान होता अन् पोटही."

"आता पाह्य!"

बाबांनी धोतर नाही, पँट वर खोचली, चार पावलं मागं गेले, अन् मारली उडी! उडी झकास होती. फक्त पाटाच्या मधातच संपली. पाणी मिरचीच्या वाफ्यापर्यंत उडालं! बाबा चिखलात बसलेले, मिशीचा काळा रंग हनुवटीवर ओघळून राह्यलेला, आणि चेहऱ्यावर विजय!

"पाह्यलं? पडलो, पण लागलं नाही! आधी असा पडलो असतो तर आठ दिवस उठलो नसतो! गोळीचा गुण!"

मी लगेच वहीत लिहिलं : "बाबा : हाडं मजबूत."

आणि आई? आई रोज गोळी घ्यायची, एका पायावर उभी राहायची, अन् विचारलं की सांगायची, "मले तर काहीच नाही वाटून राह्यलं. थोडी ढेकर येते."

"आई, तू मनापासून घेत नाही!" मी चिडली. "विज्ञानाले साथ द्यावी लागते!"

"विज्ञानाले माही साथ लागते?"

शांताकाकूंचीही तीच तक्रार. "पल्लू, माया चेहऱ्यावर काही आलं का?" मी जवळ जाऊन पाह्यलं. काही नव्हतं. मनात म्हटलं, बिचाऱ्यांना कोरी आली! आईलेही कोरीच! अन् आपण बापलेक औषधवाले! मले त्या दोघींची इतकी कीव आली की मी एकदा माझ्यातली एक गोळी गुपचूप शांताकाकूंना द्यायले निघाली होती. मोठाईनं दारातच हात धरला. "तासाचं पाणी तासात राहू दे."

पंचविसाव्या दिवशी मी कॅलेंडरची मागची बाजू चोरून पाह्यली. आणि किंचाळली! चौघांचेही आकडे वाढलेले! आई पहिल्या दिवशी एका पायावर नऊ सेकंद उभी राह्यली होती, आता तीस! शांताकाकूंची उठबस आठवरून चौदावर! बाबांचं तसंच, माझं तसंच! सुईतला दोरा तर सगळ्यांचा पटापट!

मी धावतच मोठाईकडे गेली. "मोठाई! चौघांनाही फरक! चौघांनाही!"

मोठाई शांतपणे म्हणाली, "हाव. म्हणूनच तर काही खरं नाही."

"काही खरं नाही काय? सगळ्यांचं वाढलं!"

"पल्लू, दोघाइले मी औषध दिलंच नाही."

आता कोणत्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात इथं दिवा लागला असता. माझ्या डोक्यात फटाका लागला! मी म्हटलं, म्हणजे गोळी इतकी जबरदस्त की नुसत्या शेजारच्या डबीच्या वासानंही काम झालं! आणि मी त्याच जोशात बचत गटाच्या ग्रुपवर मेसेज टाकला : "प्रयोग यशस्वी!!! चारपैकी चार!!! संक्रांतीले सविस्तर सांगते!!!" नऊ बदाम. सतरा अंगठे आले. सखूबाईंनी तर हात जोडलेलं चित्र पाठवलं.

संक्रांतीच्या सकाळी मोठाईनं मले चुलीजवळ बोलावलं. तिळाचे लाडू वळून राह्यली होती.

"तीस दिवस झाले. आता सांगतो. औषध होतं तुया आईले अन् शांताले."

मी हसली. "आणि आम्हाले?"

"ज्वारीचं पीठ."

"कोणतं?"

"आपलंच. भाकरीचं."

मी खालीच बसली. माझ्या जाग्या झालेल्या पेशी! माझं तेज! माझा गोड आवाज! वहीची सत्तावीस पानं! बाबांची हाडं! सगळं भाकरीच्या पिठावर!

"पण मोठाई, आकडे तर खरोखर वाढले न? ते तर मोबाइलनं मोजले!"

"वाढले न. कारण तुम्ही महिनाभर रोज सकाळी एका पायावर उभे राह्यले अन् बैठका मारल्या. रोज केलं की जमते. शांतानं मागच्या दहा वर्षांत पाटावरून इतकं उठबस केलं नव्हतं. औषधवाले अन् पीठवाले सारखेच वाढले. दोन्हीकडचा कापूस सारखाच भरला तर मी फवाऱ्याले श्रेय देत नाही, पावसाले देतो."

"म्हणजे गोळी खोटी?"

"चार तासावरून रान सांगता येत नाही, बेटा. चार माणसं, एक महिना. उद्या मोठ्या डॉक्टराइनं हजार माणसावर नीट पाह्यलं अन् गुण निघाला, तर मीच तुले म्हणन, आण. आज एवढंच समजलं की गोळीनं काय होते ते आपल्याले माहीत नाही, अन् तुले ते माहीत आहे असं तू सगळ्या गावाले सांगून बसली."

ती लाडू वळायची थांबली आणि म्हणाली, "मी आज काही बोलणार नाही. बाया तुयासाठी येऊन राह्यल्या. काय सांगायचं ते तू ठरव."

मी खरं सांगते, माझ्या मनात आलं होतं. नुसतं म्हणायचं, "चौघांनाही फरक पडला." खोटं कुठं होतं त्यात? मोबाइलनं मोजलेलं! पुढचं कोणी विचारलंच नसतं. बाबांना तर मी सांगितलंही नव्हतं. ते मिशीले परत काळं लावून तयार बसले होते.

दुपारी समाजमंदिरात चाळीसेक बाया जमल्या. हळदीकुंकू झालं, वाण वाटून झालं. अध्यक्षबाई माइकवर म्हणाल्या, "आता पल्लवी सांगेल." पुढच्या रांगेत सखूबाई गुडघा चोळत बसलेल्या. त्यांच्या हातात वही-पेन होतं. मी काय सांगते ते त्या उतरवून घेणार होत्या! मोठाई मागं भिंतीले टेकून उभी होती, माझ्याकडे पाहतही नव्हती.

आणि माझ्या तोंडून भडाभडा निघालं. "काकू, माझा मेसेज चुकीचा होता. गोळीचा गुण आम्हाले काही दिसला नाही. मले सगळ्यात जास्त फरक पडला असं मी सांगत फिरली, अन् माझ्या कॅप्सूलमध्ये ज्वारीचं पीठ होतं. बाबांच्यातही. सखूकाकू, तुमचं गुडघ्याचं औषध बंद करू नका. ही गोळी माणसाचं म्हातारपण थांबवते हे अजून कोणालेच माहीत नाही. मलेही नाही."

मग शांताकाकू उठल्या. लाल झालेल्या. मले वाटलं, आता संपलं!

"म्हणजे मले खरी गोळी देली, अन् मले काही नाही झालं?"

"हाव, काकू."

"अन् तुले पीठ देलं, अन् तुया तोंडावर हे तेज आलं?"

"काकू, ते तेज नव्हतं, ते माझं..."

"कसं नव्हतं! मी रोज पाहून राह्यली होती न! अन् तुया बाप पाटावरून उडला, तोही पिठावर?"

"मधातच पडले, काकू!"

"पण उडला तर सही! अध्यक्षबाई, मले ती खरी गोळी नको. मले पीठवाली पाहिजे. मायं नाव लिहा!"

आणि चाळीस बाया एका सुरात हसायले लागल्या, आणि हसता हसता खरंच नावं सांगायले लागल्या! "मायंही लिहा!" "माया मालकाचंही लिहा, त्याइले उडीचं जास्त पीठ द्या!" सखूबाईंनी वहीत काही लिहिलं अन् मले जवळ बोलावून दाखवलं : "गुडघ्याचं औषध चालू ठेवणे. पल्लवी खरं बोलते."

मी रडली. (तिळाच्या लाडवाचा ठसका लागला, असं सांगितलं.) घरी येताना मोठाई एवढंच म्हणाली, "आता तुया शब्दाले वजन आलं." मोठेबाबांना विचारलं, "मी बरोबर केलं न?" ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "हाव." पण यावेळी तो वेगळा हाव होता, मी सांगते तुम्हाले!

तेव्हापासून आमच्या अंगणात सकाळी अकरा-बारा बाया येतात. एका पायावर उभ्या राहतात, बैठका मारतात, एकमेकींले टोमणे मारतात अन् घरी जातात. गोळी कोणीच घेत नाही. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मोठाईला एकदा वर्गात घेऊन ये." मोठाई म्हणे, "येईन, पण वेचणी झाल्यावर." कॉलेजातल्या सगळ्या पोरींना मी अभिमानानं सांगून राह्यली की अशी बाई आमच्या घरी आहे.

आता शेवटचं. हे फक्त तुम्हाले सांगते.

मागच्या मंगळवारी मी आरशात पाह्यलं अन् मले वाटलं, तेज उतरलं. खरंच उतरलं! मले सगळं माहीत आहे. कॅप्सूलमध्ये काय होतं ते माहीत, कोणत्या डब्यातलं पीठ ते माहीत, अख्ख्या समाजमंदिरासमोर माइकवर मी स्वतः सांगितलं! तरी मी हळूच मोठाईकडे गेली अन् म्हटलं, "मोठाई, ते... ज्वारीवाल्या... एक-दोन उरल्या आहेत का?" तिनं पिठाच्या डब्यामागून दोन काढून माझ्या हातावर ठेवल्या.

तुमच्यासोबत झालं का हो असं कधी? का फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाले शिकून, सगळं समजून-उमजून, दोन कॅप्सूल भाकरी पाण्यासोबत गिळणारी मी एकटीच आहो?